ग्रुप गप्प का बसतो? दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना सोशल मीडियावर बोलतं कसं करायचं

पहिल्या वर्षी मी एकच व्हॉट्सॲप ग्रुप काढला. बी.ए. प्रथम वर्षाचे १४० जण, सगळे एकाच पातेल्यात. रोज संध्याकाळी मी पीडीएफ टाकायचे, खाली चार अंगठे उमटायचे आणि मला वाटायचं, शिकवणं झकास चाललंय. दिवाळीनंतर स्वाध्याय गोळा करायला बसले तेव्हा कळलं की निम्म्या लोकांनी एकही फाइल उघडली नव्हती. एकीला विचारलं, तर अगदी सरळपणे म्हणाली, "मॅडम, ग्रुपवर काय आलं की मी नुसतं वर सरकवते. त्यात माझ्यासाठी काय असतंय सांगा की."

मी सोलापुरातल्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना रविवारी शिकवणारी शिक्षिका आहे. आमच्याकडे पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका येतात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी पोरं येतात, मोहोळ-मंगळवेढ्याहून एसटीने येणारे येतात. काही जण तर नाव सोलापुरात नोंदवून पोटापाण्यासाठी पुण्यात राहतात. हे सगळे एकमेकांना भेटतात ते रविवारी, तेही रजा मिळाली तर. मायकेल मूर या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने १९८९ साली दूरशिक्षणातले संवाद तीन प्रकारांत मांडले: विद्यार्थ्याचा पुस्तकाशी, शिक्षकाशी आणि दुसऱ्या विद्यार्थ्याशी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही त्याच वर्षी सुरू झालं, हा योगायोग. पुस्तक विद्यार्थ्याच्या हातात पडतं, शिक्षक रविवारी भेटतो. तिसऱ्या संवादासाठी मात्र कुठे जागाच नसते. सोशल मीडिया वापरायचा तो या तिसऱ्या जागेसाठी, असं माझं मत झालंय. खाली लिहिलंय ते सगळं त्या मतावर उभं आहे.

आधी वही, मग मोबाइल

प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याला समोर बसवून पाच गोष्टी विचारा आणि वहीत लिहून घ्या. फोन स्वतःचा आहे की घरात एकच आहे? दिवसात फोन हातात कधी येतो? डेटा पॅक कोणता मारता? टाइप करायला सोपं काय जातं, मराठी, इंग्रजी अक्षरांत मराठी, की बोलूनच बरं? घरात कोणती भाषा बोलता?

शेवटचा प्रश्न सोलापुरात फार कामाचा आहे. इथे तेलुगू घरातली मुलगी मराठी छान बोलते, पण लिहायला लागली की ऱ्हस्व-दीर्घापायी बिचकते. कन्नड घरातलं पोरगं तसंच. त्यांना शंभर लोकांसमोर मराठीत टाइप करायला लावलं की ती गप्प बसतात आणि आपण म्हणतो, "इंटरेस्टच नाही."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर नीट ऐकाच. आमच्या एका बॅचमध्ये बहुतेक बायकांचं उत्तर होतं, "रात्री साडेनऊनंतर, मालक जेवले की." म्हणजे मी सहा वाजता टाकलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत चाळीस गुड नाइटखाली गाडला जायचा.

कुणाचे हात अडकलेले, कुणाचे कान

कोणतं ॲप वापरायचं हे ठरवण्याआधी विद्यार्थ्याचं काम बघा. मला हे समजायला दोन वर्षं लागली.

विडी वळणाऱ्या बाईचे हात दिवसभर अडकलेले असतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेली पानं, दोरा. स्क्रीनला हात लावायची सोय नाही, पण कान मोकळे असतात. तिच्यासाठी व्हॉइस नोटसारखं साधन नाही. यंत्रमागावरच्या पोराचं बरोबर उलटं. मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तर तुमची व्हॉइस नोट काय ऐकू येणार? त्याला दोन मिनिटं मिळतात ती धागा तुटला नाही तर, किंवा चहाच्या सुटीत. त्याला चित्र, चार ओळी, एखादा पोल. एकच धडा दोन रूपांत द्यावा लागतो. काम दुप्पट होतं, हे मान्य. पण एका रूपात दिला की अर्धा वर्ग आपोआप बाहेर पडतो.

बाकी निवड फार गुंतागुंतीची नाही. रोजच्या बोलण्यासाठी व्हॉट्सॲप, कारण ते सगळ्यांकडे आहे आणि शिकवावं लागत नाही. साठवणीसाठी यूट्यूब. मोठ्या फाइली आणि सरावाच्या चाचण्यांसाठी टेलिग्राम, तेही विद्यार्थ्यांची तयारी असेल तर. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मी प्रवेशाच्या जाहिरातीपुरतंच ठेवलंय. तिथे अभ्यासाला आलेला माणूस रील बघत बसतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, मीही बसते. दोनपेक्षा जास्त ठिकाणं सांभाळायला गेलात तर सगळीकडेच धूळ साचते.

ग्रुप बांधताना

एक वेगळं सिमकार्ड घ्या. घरच्या नंबरवर हे सुरू केलंत तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा स्वाध्यायाची तारीख विचारणारे फोन येतील.

व्हॉट्सॲपमध्ये कम्युनिटी नावाची सोय २०२२ पासून आहे. तिच्यात एक घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो. त्यात घोषणा फक्त ॲडमिन टाकू शकतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. वेळापत्रक, शुल्क, तारखा फक्त इथे. त्याच कम्युनिटीखाली गप्पांचे छोटे ग्रुप काढा, प्रत्येकात बारा ते पंधरा जण. या छोट्या ग्रुपांमध्ये मात्र नंबर एकमेकांना दिसतात, हे प्रवेशाच्या वेळीच सांगून टाका आणि कुणासोबत राहायचं ते विद्यार्थ्यांना ठरवू द्या. बायकांचा वेगळा ग्रुप हवा असेल तर द्या. "आपण सगळे समान" वगैरे भाषण तिथे देऊ नका.

हे मी ठेच लागल्यावर सांगतेय. त्या १४० जणांच्या ग्रुपमधून कुणीतरी एका विद्यार्थिनीचा नंबर उचलला आणि रात्री-बेरात्री मेसेज सुरू केले. तिच्या दिराने फोन बघितला. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमधून गेली, परीक्षेलाही आली नाही. चूक त्या माणसाची होतीच, पण ग्रुप मी तसा बांधला होता.

बारा-पंधराच का? तेवढ्या लोकांची नावं लक्षात राहतात. आपण बोललो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. पन्नासांत कुणालाच कळत नाही. प्रत्येक ग्रुपला एक म्होरक्या नेमा, पण सगळ्यात हुशार विद्यार्थ्याला नको, तो उत्तरं देऊन मोकळा होतो. जरा बोलका, चौकशा करणारा बघा. गड्ड्याच्या जत्रेत सगळ्या घराला सोबत घेऊन फिरणारं जे माणूस असतं ना, तसलं.

नियम मोजके ठेवा आणि पिन करून टाका. गुड मॉर्निंग नाही, राजकारण नाही, देवाचे फोटो नाहीत, रात्री साडेदहानंतर मेसेज नाही. देवाच्या फोटोंवर आमच्याकडे थोडी कुरबुर झाली. शेवटी सिद्धेश्वर यात्रेचे चार दिवस सूट द्यायचं ठरलं आणि प्रकरण मिटलं.

पहिल्या आठवड्यात अभ्यास नको

पहिल्या आठवड्यात एकच काम द्या: तुम्ही रोज हातात धरता त्या एखाद्या वस्तूचा फोटो टाका आणि ती काय कामाची ते वीस सेकंदांत बोलून सांगा. स्वतःचा फोटो मागू नका, अर्ध्या बायका तिथेच थांबतात. आमच्याकडे कात्री आली, धोटा आला, एसटीच्या वाहकाचं तिकिटाचं यंत्र आलं, एकाने तर मंगळवेढ्याच्या ज्वारीचं कणीस टाकलं आणि खाली लोकांनी हुरडा कधी म्हणून विचारलं. एकदा माणूस ग्रुपवर स्वतःच्या आवाजात बोलला की पुढे त्याची भीड चेपते. हा आठवडा वाया गेला असं वाटेल. वाटू द्या.

तुम्हीही वस्तू टाका बरं का. मी वडिलांच्या वेळची चादर टाकली होती.

प्रश्न कसा विचारायचा

सगळं घोडं इथेच अडतं. ग्रुप गप्प बसतो त्याचं कारण बहुतेक वेळा आपला प्रश्न असतो.

अर्थशास्त्राच्या पेपरात बौद्धिक संपदा आली, त्यात भौगोलिक मानांकन, म्हणजे एखाद्या ठिकाणच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण. मी पहिल्यांदा विचारलं होतं, "भौगोलिक मानांकन म्हणजे काय? स्पष्ट करा." तीन उत्तरं आली, तिन्ही शब्दन् शब्द सारखी, इंटरनेटवरून उचललेली. बाकी शांतता. पुढच्या वर्षी तोच भाग असा विचारला:

"आज रात्री झोपताना अंगावरची चादर उलटून बघा. कोपऱ्यावर लेबल आहे का? त्यावर काय लिहिलंय? ती सोलापुरात विणलेली असेल का, आणि तुम्ही कशावरून सांगाल? फोटो टाका किंवा बोलून सांगा. चुकलं तरी चालेल."

रात्री पावणेदहाला पहिला फोटो आला, अकरापर्यंत चोवीस. मीच घालून दिलेला साडेदहाचा नियम त्या रात्री मी मोडू दिला. कुणाच्या चादरीवर लेबलच नव्हतं. एकीच्या चादरीवर नाव सोलापुरी होतं, पण तिच्या नवऱ्याने, जो स्वतः माग चालवतो, वीण बघून सांगितलं की ही आपल्याकडची नाही. तिने त्याचीच व्हॉइस नोट टाकली. जॅकार्डवरचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरचं, डिझाइन दोन्ही बाजूंनी कसं दिसतं, पीळ कसा असतो, हे त्याने मिनिटभर सांगितलं. मग मी एवढंच लिहिलं की सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबालाही आहे, आणि ज्या कायद्याखाली ते मिळतं तो १९९९ चा. "आता सांगा, ती दुसरी चादर सोलापुरी म्हणून विकली तर नुकसान कुणाचं?" पुढचे दोन दिवस मला काही बोलावं लागलं नाही. धडा त्यांनीच संपवला.

चांगल्या प्रश्नाची माझी साधी कसोटी अशी: उत्तर गुगलवर सापडता कामा नये, ते घरात, कामावर किंवा गल्लीत सापडलं पाहिजे. आणि दोघांची उत्तरं वेगळी यायला हवीत, नाहीतर बोलायला उरतं काय? समाजशास्त्रात स्थलांतर शिकवताना "तुमच्या घरातलं पहिलं माणूस सोलापुरात कुठून आणि कशासाठी आलं, आजीला विचारा" एवढं विचारलं तरी पूर्व भागातल्या अर्ध्या घरांची वाट तेलंगणाकडे जाते. पुस्तकातली व्याख्या त्यानंतर द्या. आधी दिली की ती पाठ करतात आणि विसरतात.

आठवड्यात असा मोठा प्रश्न एकच. त्याशिवाय मधल्या वारी एक पोल आणि एक व्हॉइस नोट, बस्स. वार आणि वेळ ठरलेली हवी. पेपरवाला जसा येतो तसा प्रश्न आला पाहिजे.

पोलबद्दल एक बारीकशी गोष्ट. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. "तुम्ही कोणती भाकरी खाता" याला ते ठीक, पण बरोबर-चूक असलेल्या प्रश्नाला लोक शेजाऱ्याचं बघून बटण दाबतात, किंवा दाबतच नाहीत. टेलिग्राममध्ये निनावी क्विझ टाकता येतं, चुकलेलं ज्याचं त्यालाच कळतं. परीक्षेच्या सरावाला ते वापरा.

व्हॉइस नोट आणि व्हिडिओ

व्हॉइस नोट पाच मिनिटांच्या वर नको. एक मुद्दा, एक उदाहरण, शेवटी एक प्रश्न. सुरुवातीला घटक आणि क्रमांक बोला, "घटक तीन, नोट दुसरी", म्हणजे नंतर शोधता येते. पंखा बंद करा. एप्रिल-मेमधल्या सोलापुरात हे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून मी पहाटे करते. आधी दोन ओळी कागदावर लिहून ठेवल्या की "म्हणजे", "तर" यांचा पाऊस कमी होतो. डेटाचाही प्रश्न आहेच. पाच मिनिटांची नोट एखाद-दुसऱ्या एमबीत बसते, तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट खातो.

व्हिडिओ करायचाच असेल तर तुमचा चेहरा दाखवायची गरज नाही. डब्यावर डबा ठेवून फोन वर उलटा टेकवा, खाली वही, आणि लिहिता लिहिता बोला. यूट्यूबवर चढवताना "अनलिस्टेड" निवडा, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतो. "लहान मुलांसाठी" हा पर्याय निवडू नका, तो निवडला की खालच्या प्रतिक्रिया बंद होतात. वर्णनात वेळा लिहिल्या की व्हिडिओचे भाग पडतात. पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन भाग हवेत, आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांचा तरी असावा. एक काळजी घ्या: या वेळांचे आकडे इंग्रजीच लिहा.

या लिंका पुस्तकाशी जोडा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्याला पुरस्कार नको, पण युक्ती घ्यायला हरकत नाही. प्रत्येक घटकाच्या व्हिडिओचा क्यूआर कोड मोबाइलवर फुकट तयार होतो. एका पानावर वीस छापा आणि रविवारी कात्री-डिंक देऊन ज्याच्या त्याच्या पुस्तकात चिकटवायला लावा. पुण्यातल्या पोराने रात्री पुस्तक उघडलं की आपला आवाज त्याच पानावर सापडतो.

लाइव्ह तास महिन्यात एक पुरे. तारीख ठरवताना आधी भागाभागातला पाण्याचा वार विचारा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई हंडे-पिंप सोडून तुमच्या तासाला बसणार नाही. मी हे न विचारता तीन तास घेतले आणि तिन्ही वेळा रिकाम्या पडद्याशी बोलले.

गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं

आपण टाकलेल्या मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचला ते दिसतं. ज्यांनी निळी टिक बंद केलीय तेही ग्रुपवरच्या मेसेजला त्यात दिसतात. पंधरवड्यातून एकदा ती यादी वहीशी ताडून बघा. वाचतो पण बोलत नाही, त्याला सोडून द्या, तो शिकतोय. फक्त त्याच्यासाठी पायरी छोटी करा: आज अंगठा, पुढच्या आठवड्यात एक शब्द, मग व्हॉइस नोट. ग्रुपवर नाव घेऊन "तुम्ही का बोलत नाही?" असं कधीही विचारू नका.

जो वाचतही नाही, त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. बहुतेक वेळा रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर फोन भावाने नेलेला असतो, नाहीतर घरात आजारपण. एकदा एका मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोन कराल असं वाटलंच नव्हतं," आणि रविवारी आला.

अफवा, नंबर आणि १९३०

परीक्षा जवळ आली की "पेपर पुढे ढकलले" असा फोटो फिरतोच. नियम करा: तारखेबद्दलचं काहीही घोषणांच्या ग्रुपवर विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या लिंकसकट आलं तरच खरं. ज्याने फोटो टाकला त्याला ग्रुपवर झापू नका, तो घाबरलेला असतो.

गुणांच्या याद्या ग्रुपवर टाकू नका. आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर मागवू नका, ज्याचं त्याने केंद्रावर आणून दाखवावं. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसणारी मुलं तुमच्याकडे असतील तर ती बऱ्याचदा अठराच्या आतली असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पालकाची सही कागदावर घ्या, पालकाला ग्रुपमध्ये ठेवा, आणि अशा मुलाशी रात्री एकट्याने चॅट करायचं नाही हे स्वतःलाही लागू करा.

शिष्यवृत्तीच्या नावाने ओटीपी मागणारे फोन विद्यार्थ्यांना येत असतात. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायचा. हा नंबर सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते साल आहे ते.

मोजायचं काय

मेसेज किती आले ते मोजू नका. मी दोनच आकडे ठेवते. स्वाध्याय वेळेत किती आले हा एक. दुसरा जरा वेगळा: आठवडाभरात विद्यार्थ्यांनी माझ्याऐवजी एकमेकांना किती वेळा उत्तर दिलं. पहिल्या महिन्यात हा आकडा शून्याच्या आसपास असतो. चादरीच्या आठवड्यात मी मोजायचं सोडून दिलं होतं.

दुसरा आकडा दोन महिन्यांनंतरही हलला नाही तर ग्रुप मोडून पुन्हा बांधा, माणसं बदला. ॲप बदलून काही होत नाही.

परीक्षा झाल्यावर

शेवटच्या पेपरनंतर आठ दिवसांनी ग्रुप बंद करायचा. उघडा ठेवला की तो महिनाभरात गुड मॉर्निंगचा होतो, आणि नंबर विनाकारण पसरलेले राहतात. बंद करण्याआधी एक प्रश्न टाका, पुढच्या वर्षीच्या बॅचला काय सांगाल? उत्तरं जपून ठेवा, पुढच्या प्रवेशाच्या दिवशी ऐकवा. गेल्या वर्षी मी ज्या नोटने सुरुवात केली ती सतरा सेकंदांची आहे. मागे सुपातली पानं सरकवल्याचा आवाज येतो, आणि ती बाई म्हणते, "घटक चार अवघड हाय. पण रात्री दहाला ग्रुपवर या, आम्ही जाग्याच असतो."